रहाटाशेजारचं हाऊ डू यू डू

...आणि ‘चंद्र’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून शांता चंद्राला काय म्हणायची, तर ‘वरचा दिवा’. काल इथवर आलो होतो आपण. कपाळावरच्या चंद्रकोरीला ती ‘अर्धी टिकली’ म्हणे आणि शरद ऋतूला ‘कोजागिरीचे दिवस’. नवऱ्याचं नाव शरदचंद्र. त्यामुळे आकाशातला चंद्र आणि पंचांगातला शरद, दोघांनाही तिनं आपल्या बोलण्यातून कायमचं हद्दपार करून टाकलं होतं. वसईजवळच्या होळी गावातल्या आमच्या आळीतली टवाळ माणसं मुद्दाम तिला अडवून विचारायची, “काय शांतावहिनी, आज ग्रहण कसलं?” ती पाण्याचा हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेऊन सांगायची, “वरच्या दिव्याचं.” आणि माणसं पोट धरून हसायची.

आता यात हसण्यासारखं फारसं नव्हतं, हे नंतर कळलं. तेच सांगतो.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत तेव्हा सगळ्याच घरांत होती, किरिस्तांवांच्या घरातही जुन्या बायका ‘आमचे ते’ म्हणूनच भागवायच्या. पण शांताच्या घरात या रीतीला भीतीचं कुंपण होतं. तिची सासू आनंदीबाई. तरुण असताना तिला वाडीच्या बांधाच्या भांडणात साक्ष द्यायला मामलेदाराच्या कचेरीत नेलं होतं. मामलेदार म्हणाला, नवऱ्याचं नाव सांग. ती सांगेना. पट्टेवाला म्हणाला, सांगितल्याशिवाय सुटका नाही. शेवटी तिनं भिंतीकडे तोंड करून एकदा नाव उच्चारलं. बांध तिला मिळाला, आणि त्याच पावसाळ्यात नवरा तापानं गेला. तेव्हापासून आनंदीबाईची पक्की खात्री, की तो तापानं गेला नाही, तिच्या जिभेनं गेला. शांता लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूनं तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती, “माझ्या लेकाचं नाव तुझ्या तोंडून येणार नाही. आलं तर माझं मेलेलं तोंड बघशील.” अशी ती गाठ बसली होती.

आणि शरदचंद्र राऊत मुंबईला गोऱ्या साहेबाच्या तेलाच्या कंपनीत कारकून. खाणावळीत जेवायचा, चार जणांत एक खोली, शनिवारी संध्याकाळी घरी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. लग्नाला सहा-सात वर्षं झाली, विद्याधर चालायला लागला, पण शांतानं मुंबईतलं बिऱ्हाड काही पाहिलं नाही. आपलं बिऱ्हाड असावं, दोन खोल्यांचं का होईना, स्वतःची चूल, स्वतःचा नळ, नवरा रोज संध्याकाळी घरी येतो आहे, एवढंच तिला हवं होतं. यापेक्षा मोठं काही तिनं कधी मागितलं नाही. माटुंग्याला कंपनीच्या नव्या क्वार्टर्स बांधून होत होत्या. त्या कुणाला द्यायच्या हे साहेब ठरवणार होता, आणि साहेबाच्या मनात काय भरवायचं ते मडम ठरवणार होती.

लढाई संपून एक वर्ष झालं होतं. नाताळाच्या आधी मडम आपल्या बंगल्यावर चहा द्यायची. वरच्या जागेवर चढवायचे असतील त्या कारकुनांना बायकांसह बोलावणं असायचं. बायको कशी दिसते, कशी बसते, पाहुण्यांशी कशी बोलते हे मडम बघायची. शरदचंद्र एका रविवारी ओट्यावर पाय पसरून म्हणाला, “तीन वाक्यं आली पाहिजेत. आपली ओळख करून द्यायची, माझी ओळख करून द्यायची, आणि भेटून आनंद झाला म्हणायचं. एवढं नीट बोललीस की पुढच्या महिन्यात बिऱ्हाड.”

“मला कोण शिकवणार?”

“मार्था टीचरला विचार. ती बांद्र्याला सिस्टरांकडे शिकलीय.”

मार्था टीचर म्हणजे आळीच्या टोकाला राहणारी, चर्चच्या शाळेत शिकवणारी. शांताहून दोन-चार वर्षांनी मोठी, खणखणीत आवाजाची. नवरा फर्डिनंड जहाजावर असायचा आणि घरी आला की मार्था खुशाल हाक मारायची, “फर्डिनंड, जरा कोंबड्या कोंडून ये.” पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा शांता कुंपणाशी उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले होते. मग हळूच उघडून बघितलं तर फर्डिनंड धडधाकट, कोंबड्यांमागे धावतोय.

शिकवणी कुठं होणार? घरात आनंदीबाई. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण सुनेला कुणी काही शिकवतंय एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. तेव्हा दोघींनी जागा शोधली ती विहिरीवरच्या रहाटाशेजारची. रेडा डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरतोय, रहाट करकरतोय, गाडगी पाणी ओतताहेत. त्या आवाजात पलीकडच्या वाफ्यातलं माणूस हाका मारून थकलं तरी ऐकू यायचं नाही. शांता पायानं पाटातली माती सारून केळींना पाणी वळवायची आणि मार्था बांधावर बसून शिकवायची.

“कुणी भेटलं की म्हणायचं, हाऊ डू यू डू.”

“म्हणजे?”

“कशी आहेस.”

“मग मी सांगू ना, की बरी आहे, विद्याधरला जरा खोकला आहे...”

“काही सांगायचं नाही. तू पण उलट म्हणायचं, हाऊ डू यू डू.”

“अगं, तिनं विचारलं कशी आहेस, मी पण विचारलं कशी आहेस. सांगायचं कुणी?”

“कुणीच नाही.”

“मग विचारतात कशाला?”

“रीत आहे त्यांची.”

शांतानं पाटातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि म्हणाली, “बरंय बाई. त्यांची असली की रीत.”

पण पोरगी हुशार. रहाटाच्या करकरीवर ती वाक्यं म्हणत म्हणत पंधरवड्यात तिनं सगळं उचललं. थोराचं नाव आधी घ्यायचं, लहान माणसाला त्याच्यापुढं न्यायचं. बाई आणि पुरुष असतील तर पुरुषाला बाईपुढं न्यायचं. हे ऐकून ती इतकी हसली की पाट फुटला. बोट दाखवायचं नाही, तळवा उघडा करून दाखवायचं. ही माझी सासू: मदर-इन-लॉ. ही जाऊ, ही नणंद: दोघी सिस्टर-इन-लॉ. “आणि सासूच्या बहिणीच्या जावेचा भाऊ?” तिनं विचारलं. मार्था म्हणाली, “त्याला म्हणायचं रिलेशन. जे नातं उलगडून सांगायचं नसतं, त्याला सगळ्याला रिलेशन म्हणतात. पुढं कुणी विचारत नाही.” शांतानं रेड्याला चुचकारलं आणि म्हणून बघितलं, “सम रिलेशन, मॅडम.” अगदी बिनचूक.

अडलं ते दुसऱ्या वाक्याशीच. आय अ‍ॅम मिसेस राऊत, हे ती म्हणे. राऊत म्हणायला काय, अर्धी आळी राऊत. पण माय हजबंड म्हणून पुढं जे नाव यायला हवं, तिथं तिच्या जिभेला कुलूप. मार्थानं समजावलं, दटावलं, शेवटी चिडून म्हणाली, “इंग्रजीत घेतलं तर चालतं गो. तुझ्या सासूच्या देवाला इंग्रजी कुठं येतं?”

“देवाला नसेल येत. शपथेला येत असेल तर?”

मग दोघींनी तोड काढली. शांतानं ‘माय हजबंड’ एवढं म्हणायचं आणि तळवा त्याच्याकडे करायचा. तो शेजारीच असणार. पुढचं त्यानं आपण होऊन बोलायचं, शरदचंद्र राऊत, असं म्हणून हात पुढं करायचा. त्या रविवारी मार्था स्वतः ओट्यावर येऊन शरदचंद्राला हे सांगून गेली. तो हसला. “एवढंच ना? मी आहे ना तिथं. तिचं वाक्य मी पुरं करीन.” शांता दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं आणि तिची उरलीसुरली भीतीही गेली.

चहाच्या दिवशी मार्थानं तिला गोल पातळ नेसवलं; नऊवारीची सवय, पाय मोकळे वाटेनात. केसात आपल्याच वाडीतली शेवंती. हातात सुकेळीची पुडी, राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्याच सोपटात बांधलेली. आनंदीबाईला सांगितलं होतं की साहेबाच्या घरी पूजा आहे. म्हातारी म्हणाली, “गोऱ्याकडे कसली पूजा?” आणि पुन्हा पानवेलीत गेली.

मलबार हिलवरचा बंगला. हिरवळीवर टेबलं, पांढरे रुमाल, डगलेवाले नोकर. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. शांता आत पाऊल टाकताना नवऱ्याकडे वळली. “तुम्ही जवळच असा हं.”

“आहे, आहे. घाबरतेस काय?” असं म्हणत तो पुरुषांच्या घोळक्याकडे गेला. दहा-बारा पावलांवर. तिथं त्याचा जोडीदार दिनानाथ होता, आणखी एक मद्रासी बाबू होता. शांतानं मनात म्हटलं, एवढं काही लांब नाही, हाक ऐकू येईल.

मडम एकेकीशी बोलत आली. उंच, वाळकी, पण डोळे चांगले होते बाईचे, हे शांता पुढं अनेकदा म्हणायची. मडम म्हणाली, “हाऊ डू यू डू.” शांतानं तितकाच हात पुढं केला, जितका मार्थानं सांगितला होता, आणि म्हणाली, “हाऊ डू यू डू, मॅडम. आय अ‍ॅम मिसेस राऊत.” सुकेळीची पुडी दिली. मडमनं वास घेतला, हसली, काहीतरी छान म्हणाली. शेजारच्या दोघी बायका, ज्यांना नुसतं हसता येत होतं, त्यांनी शांताकडे वळून बघितलं. शांताला वाटलं, झालं, बिऱ्हाड मिळालं. तिला मोरीतला नळसुद्धा दिसला.

मग मडमनं विचारलं, आणि तुझा नवरा कोणता?

शांतानं तळवा उघडा केला, पुरुषांच्या घोळक्याकडे. “माय हजबंड,” ती म्हणाली. आणि थांबली. तो पुढं येईल म्हणून थांबली.

तिकडे तिघं उभे होते. मडमनं तिघांकडे बघितलं. “त्याचं नाव काय?” तिनं इंग्रजीत विचारलं, हळू, शब्द सुटे करून.

शांतानं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं ऐकलं होतं. तिला शंभर टक्के ठाऊक, कारण त्यानं एकदा वर बघितलं आणि मग कपाकडे बघितलं. मडमनं पुन्हा विचारलं. कुणीतरी म्हणालं, हिला नवऱ्याचं नाव माहीत नाही. ते ज्याला कळलं तो हसला, ज्याला कळलं नाही त्याला शेजाऱ्यानं सांगितलं, मग तोही हसला. हिरवळीवर हसू पसरत पुरुषांपर्यंत गेलं. तिकडून साहेबच आला, लालबुंद, चिरूट तोंडात. “राऊत,” तो म्हणाला, “ही बाई स्वतःला मिसेस राऊत म्हणते आहे. तुझी का?”

हे सगळं शांताला कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

शरदचंद्र पुढं आला. आता बोलेल, असं तिला वाटलं. आता सांगेल, की आमच्यात नाव घेत नाहीत, ही माझी बायको. किती सोपं होतं. त्याला इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं येत होतं.

तो म्हणाला, “सम रिलेशन, सर. इन माय व्हिलेज एव्हरीबडी इज राऊत.”

साहेब हसला. शरदचंद्रालाही मग जोर चढला. म्हणाला, माय वाइफ इज सिक, सर, बायको आजारी आहे, अंथरुणावर आहे, हिला बंगला बघायचा होता म्हणून तिच्या जागी आणली. मडम म्हणाली, पण ही तर हजबंड म्हणाली. तो म्हणाला, “शी डज नॉट नो इंग्लिश, मॅडम.”

मडमनं शांताच्या खांद्यावर हात ठेवला, बिचारी म्हणाली, आणि पुढच्या बाईकडे गेली. शांताला केक देण्यात आला. तिनं तो खाल्ला. बशीत टाकणं बरं दिसलं नसतं, असं मार्थानं सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर दोघं चर्चगेटला आली. गाडीत बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, “अहो, रिलेशन म्हणजे काय?”

“नातेवाईक,” तो म्हणाला.

“असं?”

“आणि बायको काय नातेवाईक नसते? खोटं काय बोललो मी?” थोड्या वेळानं तोच पुन्हा म्हणाला, “सगळे हसत होते. तू बघितलंस ना? माझी वरची जागा गेली असती. चार महिन्यांत विसरतील सगळे, मग नेईन तुला.”

घरी आल्यावर आनंदीबाईनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? “तिथं माझ्या लेकाचं नाव तर घेतलं नाहीस?”

“नाही.”

“शहाणी माझी,” म्हातारी म्हणाली.

चार महिन्यांत कुणी विसरलं नाही. माणसं लाज विसरतात, दया विसरत नाहीत. शरदचंद्राला वरची जागा मिळाली; आजारी बायको असूनही माणूस तोंड पाडत नाही, कामाला चोख आहे, म्हणून साहेबाला त्याचं विशेष वाटू लागलं. आणि आता गंमत बघा. शांताला बायको म्हणून न्यावी, तर मडमनं तिला ‘रिलेशन’ म्हणून पाहिलेली. न न्यावी, तर बायको आजारी हे खोटं चालूच ठेवायचं. एकदा बोललेल्या वाक्याच्या भिंती झाल्या होत्या, आणि शांता भिंतीच्या या बाजूला होळीत राहिली. माटुंग्याची क्वार्टर शरदचंद्राला मिळाली, त्यात त्यानं दोन कारकून पोटभाडेकरू म्हणून ठेवले.

दर नाताळला मडम ‘आजारी मिसेस राऊत’साठी बार्लीचा डबा आणि बिस्किटं पाठवायची. शरदचंद्र तो डबा घरी आणायचा आणि कुठं ठेवावा न कळून फडताळावर ठेवायचा. पहिल्या वर्षी शांतानं विचारलं, “हे कुणाला?” तो म्हणाला, “कंपनीतून मिळालं.” बिस्किटं विद्याधरनं आणि आळीनं खाल्ली. बार्ली तिनं रेड्याच्या आंबोणात घातली. रेडा गुटगुटीत झाला. मार्था म्हणायची, “एवढा तब्येतीत आलाय, आता याला चहाला पाठव.” शांता हसायची. हसता हसता एकदम केळीचा घड खांद्यावर घेऊन चालू पडायची.

गोष्ट फुटली ती दिनानाथमुळे. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली असतील. दिनानाथ चुलतभावाच्या लग्नाला वसईत आला होता, तसाच चौकशी करत होळीत आला. शांता डोक्यावर घड घेऊन वाडीतून येत होती, पदर खोचलेला, पायांना माती. दिनानाथनं तिला ओळखलं.

“तुम्ही त्या दिवशी मडमेकडे आला होता ना? राऊतांच्या नात्यातल्या?” तो अगदी मऊपणे म्हणाला. माणूस चांगला होता. “वहिनींची तब्येत कशी आहे आता? आम्ही सगळे ऑफिसात फार हळहळतो.”

ओट्यावर आनंदीबाई विड्याची पानं पुसत बसली होती. शांतानं घड खाली ठेवला. तिला पाहिजे तर तेव्हाच सगळं सांगता आलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात शरदचंद्राला तोंड लपवायला जागा उरली नसती. ती म्हणाली, “आहे तशीच. आत्ताच डोळा लागलाय.”

“उठवू नका,” दिनानाथ हलक्या आवाजात म्हणाला. त्यानं चहा घेतला, जाताना आतल्या बंद दाराकडे बघून हातही जोडले.

तो दिसेनासा झाल्यावर आनंदीबाई म्हणाली, “कोण झोपलंय आत?”

म्हातारीनं मग बसून बसून एकेक गोष्ट तिच्याकडून काढली, जशी विहिरीतली बुडालेली घागर गळानं काढतात. साहेब, मडम, पुडी, हसणं, रिलेशन, डबे. सगळं ऐकून झाल्यावर आनंदीबाई बराच वेळ फडकं पिळत राहिली. फडकं कोरडं होतं.

“आजपासून मी शपथ सोडवली,” ती म्हणाली. “घे त्याचं नाव. सकाळी घे, संध्याकाळी घे, विहिरीवर जाऊन मोठ्यानं घे. काय व्हायचं ते होऊ दे त्याला.”

“आई, असं नका बोलू.”

“मी त्याची आई आहे, मी बोलेन. तू नाव घे.”

“आता नको वाटतं,” शांता म्हणाली आणि घडाच्या फण्या सोडवायला बसली.

त्या शनिवारी शरदचंद्र आला तेव्हा आईनं त्याला पाणी विचारलं नाही. जेवायला वाढलं ते शांतानंच. पुढं मरेपर्यंत, म्हणजे आणखी तीन-चार वर्षं, म्हातारी लेकाबद्दल बोलताना ‘विद्याधरचा बाप’ म्हणायची. नाव तिनंही सोडून दिलं. आळीत लोक म्हणायचे, सासूला सुनेची सवय लागली.

आणि शांता? शांता शिकत राहिली. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. रहाट चालू असला की मार्थाला हाक मारायची. आता वाक्यं नव्हती, आता सरळ बोलणं होतं. मार्था विचारी, “कशाला गो आता?” ती म्हणे, “तो दिवस पुन्हा आला तर म्हणून.” पहिली दोन वर्षं ती हे मनापासून म्हणायची. दर शनिवारी संध्याकाळी अंगणातून वाटेकडे बघताना तिला वाटायचं, आज म्हणेल, चल. नंतर म्हणायची सवय उरली. मार्था सांगते, एके दिवशी तिनं विचारलं, “शांते, आज काय शिकायचं?” तर शांतानं पाटाचं तोंड बंद केलं आणि म्हणाली, “आज नको. आज पाणी लवकर संपवायचंय.” त्यानंतर शिकवणी झाली नाही.

मग बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. गोरा साहेब गेला, मडम गेली. जाताना तिनं मिसेस राऊतसाठी एक लोकरीची शाल पाठवली होती. नवा साहेब आपल्यातला, पुण्याकडचा. त्यानं आल्या आल्या नियम काढला, की क्वार्टर बायकामुलं घेऊन राहणाऱ्यालाच. पोटभाडेकरू ठेवून राहणाऱ्यांनी महिनाअखेर खाली करावी. आणि नव्या साहेबाच्या बायकोनं सगळ्या बिऱ्हाडांना हळदीकुंकवाला बोलावलं.

शरदचंद्र रविवारी सकाळी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातात पातळ होतं, हिरवं, चांगल्या दुकानातलं. शांता आणि मार्था ओट्यावर विड्याच्या पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, लावत होत्या. मार्था उठायला लागली, शांता म्हणाली, “बस.”

“आपल्याला माटुंग्याला जायचंय,” तो म्हणाला. “विद्याधरला तिकडेच शाळेत घालू. खोल्या हवेशीर आहेत. घरात नळ आहे.”

शांता पान पालथं करून त्याचा देठ खुडत होती.

“नवे साहेब आपलेच आहेत. बाई मराठी. इंग्रजीचं काही नडत नाही आता. मी त्यांना सांगितलंय की तू आता बरी झालीस.”

“काय झाले?”

“बरी. म्हणजे हवापालट करून, हळूहळू...” त्यानं मार्थाकडे बघितलं आणि वाक्य तिथंच सोडलं. “तुला काही बोलावं लागणार नाही, शांता. तू फक्त उभी राहा. ओळख मी करून देईन. ही माझी बायको, असं मी स्वतः सांगेन, सगळ्यांसमोर.”

त्याचा आवाज खरा होता, हे मार्थाही कबूल करते. त्याला खरंच तसं सांगायचं होतं. मधे एवढी वर्षं गेली नसती तर ते ऐकून शांता पानं तशीच टाकून उठली असती.

तो दुपारच्या गाडीनं एकटाच गेला, हे आळीनं बघितलं. पातळ ओट्यावर राहिलं. पुढं ते मार्थाच्या भाचीच्या लग्नात गेलं. क्वार्टर सुटली, तो पुन्हा खाणावळीत आला, पेन्शन होईपर्यंत शनिवारी येत राहिला, आणि नंतर होळीतच राहिला. शांतानं त्याला दोन वेळा गरम वाढलं, आजारपणात पाय चेपले, नाव मात्र कधी घेतलं नाही. नाव न घेताही तो चांगला म्हातारा होऊन जगला. मुंबईला ती कधी राहिली नाही. का नाही, याच्या आळीत दहा गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं वाडी सुटेना, कुणी म्हणतं भ्याली. पण मार्था तिथं बसली होती. ती सांगते, शांतानं हातातली कवळी पुरी लावली, ओल्या फडक्याखाली सारली, आणि त्याच्याकडे बघून जे म्हणाली ते एवढंच:

“तुम्ही सांगाल हो, ही माझी बायको म्हणून. पण त्या बाईनं माझ्याकडे वळून विचारलं, की खरंच का हे तुमचे यजमान, तर मी काय सांगू, ते आधी मला शिकवा.”